चौकातील फरशी आणि दारापुढील पायरी

महाराष्ट्रातील जुन्या घरांच्या चौकात आणि दारापुढील पायऱ्यांत कोणता दगड कसा बसवला गेला, हे घरधन्याच्या ऐपतीइतकेच त्या दगडाच्या अंगच्या गुणांनी ठरवले. देशावरचा काळा पाषाण, म्हणजेच बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थिजून तयार झाला. तो कठीण व चिवट आहे. परंतु गाळाच्या खडकासारखे पातळ थर त्याला नसल्याने त्यातून रुंद आणि सपाट तुकडा सहजी सुटत नाही. खाणीत फोडलेला दगड पाथरवटाला छिन्नी-हातोड्याने तासावा लागे आणि असा घडीव दगड अनघड दगडापेक्षा कितीतरी अधिक मजुरी खात असल्यामुळे तो गरजेच्या जागी हात राखूनच वापरला जाई.

अशी पहिली जागा म्हणजे जोते, अर्थात जमिनीपासून घराच्या तळापर्यंत चढवलेला दगडी चौथरा. पावसाचे पाणी आणि जमिनीची ओल यांपासून वरच्या लाकडाचे व विटांचे रक्षण तो करी. या बांधणीचा पुरावा पुण्याच्या शनिवारवाड्यात आजही दिसतो: 1730 मध्ये पायाभरणी झालेल्या या वाड्याच्या लाकडी इमारती 1828 च्या आगीत भस्मसात झाल्या, पण दगडी जोती मागे राहिली. जोत्यावर चढण्यासाठी पायऱ्या आल्या आणि त्यांच्या कडांवर पावलांची झीज सर्वांत अधिक होत असल्याने तेथे जाड, घडीव काळा दगडच योग्य ठरला. सामान्य घराचे अंगण मात्र चोपून शेणाने सारवलेलेच असे.

चहूबाजूंनी सोप्यांनी वेढलेला वाड्याचा उघडा चौक फरसबंद करायचा झाल्यास त्याखालची तयारी महत्त्वाची असे. मुरूम पसरून पाणी मारणे, धुम्मसाने, म्हणजे जड ठोकणीने, तो दाबून बसवणे, मोरीच्या दिशेने ढाळ देणे आणि दगडांमधील दरजा चुन्याने भरणे, ही कामे नीट झाली तरच चौकात पाणी तुंबत नसे आणि दगड डगमगत नसत. कोकणात व गोव्यात हीच गरज जांभ्याने भागवली. हा लोहयुक्त, सच्छिद्र दगड खाणीतून काढताना तुलनेने मऊ असतो आणि हवेत कडक होत जातो, त्यामुळे त्याचे चिरे कापणे बेसाल्ट घडवण्यापेक्षा सोपे असे.

देशावरील चौकाचे रूप पालटले ते भीमेच्या खोऱ्यातील चुनखडीमुळे. तत्कालीन निजामी मुलखातील, आता कर्नाटकात असलेल्या शहाबादच्या परिसरात हा खडक आडव्या थरांनी साचलेला आहे, आणि थरांच्या सांध्यात पहार घातली की त्याच्या सपाट लाद्या सुटतात. पाथरवटाने बेसाल्टवर जे श्रम खर्चावेत ते येथे निसर्गानेच आधी करून ठेवले होते. मात्र अशा वजनदार मालाची बैलगाडीने लांबची वाहतूक महागच पडणार, म्हणून मुंबईहून पुणे-सोलापूरमार्गे येणारा लोहमार्ग 1871 मध्ये रायचूरपर्यंत पोहोचला आणि शहाबाद त्याच्या वाटेवर आले, ही गोष्ट निर्णायक ठरली. त्यानंतर शहाबादी फरशी शहरांतील वाडे, चाळी, स्वयंपाकघरे आणि अंगणे यांत पसरली. चुनखडी असल्यामुळे लिंबू-चिंचेच्या आंबट रसाने तिच्यावर डाग पडतात आणि बेसाल्टच्या मानाने ती लवकर झिजते, तरी स्वस्ताई आणि बसवण्याची सोय यांपुढे हे दोष गौण ठरले.

म्हणूनच एकाच वाड्यात काळ्या पाषाणाची पायरी आणि शहाबादी चौक शेजारी आढळले, तर दोन्ही एकाच काळचे मानणे धोक्याचे आहे. पायरी बहुधा मूळ बांधकामाबरोबरची असते, तर फरशी पुढच्या पिढीने केलेल्या डागडुजीची असू शकते. आणि अठराव्या शतकातील वाड्याचे वर्णन करताना त्याच्या पायतळीचा दगड रेल्वेच्या काळातला असण्याची शक्यता अभ्यासकाला आधी तपासून पाहावी लागते.