आयर्लंडातील लोणी व चीज : शब्द आणि व्यवसाय

आयरिश भाषेत रस्त्याला 'बोहर' म्हणतात. या शब्दाच्या मुळाशी 'बो' म्हणजे गाय आहे. संस्कृत 'गो' व मराठी 'गाय' हे त्याचे सगोत्र. मुलगा या अर्थी रूढ असलेला 'बूअखिल' हा शब्दही मूळचा गुराख्याचाच वाचक. प्राचीन विधिग्रंथांत वस्तूंचे मोल दुभत्या गायींत सांगितले आहे, आणि स्वतंत्र शेतकऱ्याच्या 'बोअरे' या पदवीतही गाय आहेच. वेदांतील 'गविष्टि', म्हणजे गायींची इच्छा, हा शब्द युद्धवाचक कसा झाला हे ज्यास ठाऊक आहे, त्यास आयरिश वीरकथांतील गोहरणाचे महत्त्व नवल वाटावयाचे नाही.

लोण्याला त्या भाषेत 'इम' म्हणतात. त्याचे प्राचीन रूप 'इंब' असून लॅटिन 'उंग्वेन' व माखणे या अर्थाचा संस्कृत 'अंज्' धातू यांच्याशी त्याचे नाते आहे. म्हणजे आपल्या डोळ्यांतील अंजन आणि आयरिश भाकरीवरील लोणी ही एकाच मूळाची! मराठी 'लोणी' मात्र 'नवनीता'वरून आले.

या लोण्याची मोठी पेठ कॉर्क. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील व्यापाऱ्यांनी प्रत्येक पिंपातील लोणी पारखून त्यावर प्रतीची खूण उमटविण्याची पद्धत घातली. या कडक पारखीवरच कॉर्कच्या खारवलेल्या लोण्याचा वेस्ट इंडीजपर्यंतचा लौकिक उभा होता, आणि एकोणिसाव्या शतकात ही पेठ जगातील सर्वांत मोठी गणली जात असे. पुढे इंग्लंडातील गिऱ्हाइकास कमी मिठाचे, एकसारख्या चवीचे डॅनिश लोणी रुचू लागले, मार्गारिनही आले. 1924 मध्ये पेठ बंद झाली.

तत्पूर्वी, 1889 मध्ये, होरेस प्लंकेट यांच्या चळवळीतून लिमरिक परगण्यातील द्रमकॉलोहर येथे पहिली सहकारी दुग्धशाळा निघाली होती. शेतकऱ्यास तिचा लाभ झाला हे निर्विवाद. तथापि घरोघरी घुसळण करून चार पैसे गाठीस बांधणाऱ्या स्त्रियांच्या हातून तो व्यवसाय निसटला, याची नोंद सहकाराच्या गौरवग्रंथांत क्वचितच आढळते.

चीजची हकीकत अधिक खेदाची. मध्ययुगीन ग्रंथांत 'तानख', 'मुलखान', 'फाश्क्रे ग्रोहा' (दाबलेला दह्याचा गोळा) अशी कितीतरी नावे येतात. दूध लोण्याकडे वळले, पदार्थ लोपले, आणि नावे कोशांत उरली.

1976 च्या सुमारास कॉर्क परगण्याच्या पश्चिम टोकास, बेअरा द्वीपकल्पावर, वेरोनिका स्टील यांनी ब्रिस्केट नावाच्या एकशिंगी गायीचे शिल्लक दूध वाया जाऊ नये म्हणून चीज करून पाहिले. वाडीच्या नावावरून ते 'मिलीन्स' झाले. पाठोपाठ 'डरस', 'कूली' व 'गबीन' आली; त्यांच्या कर्त्यांनीही गावाचे वा शेताचेच नाव दिले. 1983 मध्ये या घरगुती उत्पादकांनी संघ स्थापन केला, त्याचे नाव 'काश'. चीजवाचक हा आयरिश शब्द लॅटिन 'कासेउस'वरून घेतलेला आहे. जुन्या देशी नावांपैकी एकही त्यासाठी निवडले गेले नाही.