बेथेल : निजामाच्या मुलखातील एका मंडळीची स्थापना

मराठवाड्यातील प्रॉटेस्टंट मंडळींचा मागोवा घेताना परभणीकडून जालन्याकडे यावेच लागते. परतूर तालुका १९८१ साली जालना जिल्हा होईपर्यंत परभणीतच मोडत असे. जुन्या काळी या साऱ्या टापूवर निजामाचा अंमल होता आणि जालन्यास इंग्रजांची छावणी होती.

आरंभ मात्र मुंबईत झाला. १८४३ च्या सप्टेंबरात स्कॉटिश मिशनरी रॉबर्ट नेस्बिट यांनी नारायण शेषाद्री या ब्राह्मण विद्यार्थ्यास बाप्तिस्मा दिला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या आश्रयास गेला होता. वय अवघे बारा वर्षांचे. वडील सुप्रीम कोर्टात गेले आणि न्यायमूर्ती पेरी यांनी मुलाला त्यांच्या स्वाधीन केले. आता प्रश्न उरला जातीचा. मिशनऱ्यांच्या घरी राहून अन्न घेतलेल्या मुलास परत घ्यावे काय? बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला स्वीकारण्याचा पक्ष धरला आणि त्यापायी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. आपल्याकडे हे प्रकरण जांभेकरांच्या चरित्रातील एक प्रसंग म्हणून सांगितले जाते. थोरल्या भावाचे पुढे काय झाले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

नारायण शेषाद्री १८५४ साली फ्री चर्चचे दीक्षित पाळक झाले आणि पुढे जालन्यास आले. त्यांच्या हातून ज्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांत मांग समाजातील लोक पुष्कळ होते. अशा कुटुंबापुढचा पेच केवळ श्रद्धेचा नव्हता. गावकीची कामे आणि त्यांच्या मोबदल्यात मिळणारे बलुते, यांवर घर चालत असे. गावाशी नाते तुटले की भाकरीही तुटे. इंग्रजी मुलखात १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्मांतरितांचा वारसाहक्क राखला होता. निजामाच्या राज्यात तो कायदा लागू नव्हता. शिवाय ज्याच्या नावे जमीनच नाही, त्याला वारसाहक्काचा उपयोग तरी कोणता?

म्हणून जमीन हवी होती. हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांनी जालन्याजवळ ती दिली. हे दिवाण महसुलाची ठेकेदारी मोडून जिलाबंदी आणणारे. पडीक जमीन वहितीस येणे त्यांच्या धोरणास धरूनच होते. तरीही मुसलमान राज्यात, ब्राह्मण कुळात जन्मलेल्या पाळकाला, मांग कुटुंबे वसवण्यासाठी जमीन मिळाली, हे विलक्षणच म्हणावे लागेल. वस्तीला नाव दिले बेथेल, म्हणजे हिब्रू भाषेत ‘देवाचे घर’. घर सोडून निघालेल्या याकोबाने जेथे दगड उशाशी घेऊन रात्र काढली, त्या जागेचे हे नाव. गावकुसाबाहेर राहिलेल्या माणसांना येथे स्वतःचे गाव मिळाले.

१८७३ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्क येथे भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत शेषाद्री उपस्थित होते. १८९१ साली त्यांचा मृत्यू झाला.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. बेथेलची मंडळी प्रेस्बिटेरियन होती, बाप्टिस्ट नव्हे. प्रेस्बिटेरियन तान्ह्या मुलांनाही बाप्तिस्मा देतात; बाप्टिस्टांच्या मते तो जाणत्या वयात, स्वतः विश्वास प्रकट करून, पाण्यात बुडून घ्यावयाचा असतो. पण ज्या भाषेत बेथेलचे उपदेश झाले, तिच्या छपाईचा पाया घालणाऱ्यांत बाप्टिस्टच अग्रणी होते. श्रीरामपूरच्या विल्यम कॅरींनी वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने १८०५ साली मराठी व्याकरण, १८१० साली कोश आणि १८११ साली नवा करार प्रसिद्ध केला. कोश आणि नवा करार मोडी लिपीत छापले होते.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा प्रेस्बिटेरियन परंपरा आणि काही बाप्टिस्ट मंडळ्या एकाच चर्चमध्ये आल्या. तान्हेपणीचा बाप्तिस्मा आणि जाणत्या वयातील बाप्तिस्मा, दोन्ही रीतींना तेथे मान्यता देण्यात आली.