बर्फावरचं तिसरं चाक



पहिल्या पावसात ज्याची गाडी कधीच घसरली नाही, असा दुचाकीस्वार आज इथे सापडणं कठीण आहे. रस्त्यावर महिनोन्‌महिने सांडलेलं तेल पाण्याबरोबर वर येतं, आपण नेहमीच्याच वळणावर नेहमीसारखी गाडी कलती करतो आणि पुढच्या क्षणी आपण एकीकडे, गाडी दुसरीकडे. तो एक क्षण लक्षात ठेवा. आज आपण अशा प्रदेशाचा इतिहास बघणार आहोत, जिथे हा क्षण चार-चार महिने संपत नाही.

आधी थोडं विज्ञान. मोटरसायकल वळताना कलते. तिने किती कलायचं ते टायर आणि रस्ता यांच्यातलं घर्षण ठरवतं. कोरड्या डांबरावर ती पस्तीस-चाळीस अंशांपर्यंत कलू शकते. गुळगुळीत बर्फावर घर्षण त्याच्या सातव्या-आठव्या हिश्श्यावर येतं आणि कलायची मुभा उरते पाच-सहा अंशांची. पण खरी अडचण त्याच्याही आधीची आहे. दुचाकी सरळ चालते ती आपण हँडल सतत किंचित इकडे-तिकडे करून चाकं आपल्या वजनाखाली आणत राहतो म्हणून. आपल्याला ते जाणवतही नाही. बर्फावर पुढचं चाक वळवलं तरी पकड मिळत नाही, नुसतं सरकतं. म्हणजे दुचाकीची उभं राहण्याची युक्तीच बर्फ काढून घेतो. त्यातही कडक थंडीतल्या बर्फापेक्षा शून्य अंशाच्या आसपासचा, वर पाण्याचा पातळ थर असलेला बर्फ जास्त घातकी. आपल्याकडचे जे लोक लडाखला गाडी घेऊन जातात, त्यांना हे माहीत असतं. रात्री रस्त्यावरून वाहिलेलं पाणी पहाटे काचेसारखं गोठलेलं असतं आणि खालचं काळं डांबर त्यातून स्वच्छ दिसतं. बर्फ आहे हे कळतं ते पडल्यावर.

यावर माणसाने शोधलेलं सगळ्यात जुनं उत्तर म्हणजे तिसरं चाक. साइडकार. 'शोले'तली जय-वीरूची गाडी आठवा. तिसरं चाक आलं की तोल सांभाळायचा प्रश्न मिटतो. मग उरतो दुसरा प्रश्न. ताकद फक्त मागच्या चाकाला मिळते. ते जागच्या जागी फिरायला लागलं, तर बाजूचं चाक नुसतं ओझं होऊन बसतं.

हा दुसरा प्रश्न सोडवला युद्धाने. १९४१ पासून बीएमडब्ल्यूची आर ७५ आणि त्सुंडापची केएस ७५० अशा दोन जर्मन गाड्या सैन्यात दाखल होऊ लागल्या. दोन्हींमध्ये इंजिनाची ताकद मागच्या चाकाबरोबर साइडकारच्या चाकालाही मिळायची. दोन्ही चाकं एकत्र फिरावीत म्हणून डिफरेन्शियल लॉक करता यायचा. खडकाळ, चिखलाच्या वाटेसाठी वेगळे गिअर होते आणि रिव्हर्स गिअरसुद्धा होता. आर ७५ चं वजन साइडकारसकट सुमारे ४२० किलो. कागदावर बघितलं, तर बर्फासाठी याहून चांगली मोटरसायकल तोवर कुणी बनवली नव्हती.

आणि तरीही ती हरली. कशी, ते बघू.

२२ जून १९४१ ला जर्मनीने सोव्हिएत संघावर आक्रमण केलं. मोटरसायकलस्वारांच्या खास तुकड्या सैन्याच्या पुढे धावत होत्या, पूल ताब्यात घेणं, वाट शोधणं हे त्यांचं काम. उन्हाळ्यात ते जमलं. ऑक्टोबरमध्ये मॉस्कोच्या दिशेने मोठी चढाई सुरू झाली आणि पाऊस आला. रशियन भाषेत या चिखलाच्या ऋतूला स्वतंत्र शब्द आहे, 'रास्पुतित्सा'. मडगार्ड आणि चाक यांच्यामध्ये चिखल भरायचा आणि चाक अडकायचं. नोव्हेंबरच्या मध्यावर थंडी पडली, जमीन कडक झाली, गाड्या पुन्हा हलल्या. पण थंडी तिथे थांबली नाही. डिसेंबरमध्ये काही ठिकाणी पारा उणे तीसच्याही खाली गेला. इंजिनातलं तेल घट्ट झालं. किक मारून गाडी सुरू होईना. इंजिनाखाली शेकोटी पेटवावी लागे.

आणि स्वार? रणगाड्यातल्या माणसाभोवती निदान पोलाद असतं. मोटरसायकलवाल्याभोवती वारा असतो. उणे तीस अंशांत ताशी चाळीस किलोमीटरने गाडी चालवली, तर उघड्या कातडीला ती थंडी उणे सत्तेचाळीसच्या आसपास वाटते. पुढे या गाड्यांना एग्झॉस्टची ऊब हातापायांपर्यंत नेणारी सोय जोडली गेली. पण मॉस्कोसमोर कुडकुडणाऱ्यांना तिचा उपयोग नव्हता. ५ डिसेंबरला सोव्हिएत प्रतिहल्ला सुरू झाला. बर्फाने एकट्याने जर्मनीला हरवलं, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं हे लढलेल्या आणि मेलेल्या सोव्हिएत सैनिकांचं श्रेय हिरावून घेणं होईल. पण मोटरसायकलीच्या जोरावर युद्ध जिंकायची कल्पना मात्र त्या हिवाळ्यात गोठली. पुढच्या वर्षांत तिची बरीचशी कामं हलक्या मोटारींकडे गेली.

आता रेषेच्या पलीकडे जाऊ. सोव्हिएत संघाकडेही साइडकारची गाडी होती, एम-७२. ती बनवली होती बीएमडब्ल्यूच्याच आधीच्या आर ७१ या नमुन्यावरून! म्हणजे समोरासमोर उभ्या असलेल्या दोन्ही गाड्या एकाच घराण्यातल्या. जर्मन मॉस्कोजवळ आले, तेव्हा तिथला मोटरसायकल कारखाना उचलून उरल पर्वतापलीकडे इर्बित नावाच्या छोट्या गावी नेला गेला. एकेकाळी हिवाळ्यातल्या मोठ्या जत्रेसाठी प्रसिद्ध असलेलं हे गाव. यंत्रं बसवायला धड जागा नव्हती, म्हणून एका जुन्या दारूभट्टीच्या इमारतीत काम सुरू झालं. फेब्रुवारी १९४२ मध्ये पहिल्या गाड्या आघाडीकडे निघाल्या. युद्ध संपेपर्यंत इथून जवळपास दहा हजार एम-७२ गेल्या. एम-७२ मध्ये साइडकारच्या चाकाला ताकद नव्हती. जर्मन गाडीपेक्षा ती साधी होती. पण साधी होती म्हणूनच ती भर हिवाळ्यात, दारूभट्टीत बनवता आली. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला हा सगळ्यात मोठा धडा आहे.

युद्ध संपलं. पन्नासच्या दशकातल्या पश्चिम जर्मनीत मोटरसायकल हे कामगाराचं वाहन होतं. बर्फ पडला म्हणून पाळी चुकवता येत नसे. लोक कोटाखाली वर्तमानपत्रं घालून कामावर जात. मग पगार वाढले, छोट्या मोटारी आल्या आणि ज्याला ज्याला शक्य झालं त्याने डोक्यावर छप्पर घेतलं. मोटरसायकलचा धंदा कोसळला. १९५९ च्या डिसेंबरमध्ये तर खुद्द बीएमडब्ल्यू कंपनी विकली जायच्या बेतात होती.

नेमक्या या पडत्या काळात एक गंमत झाली. एर्न्स्ट लेव्हरकुस नावाच्या मोटरसायकल पत्रकाराने १९५६ च्या जानेवारीत श्टुटगार्टजवळच्या सोलिट्यूड या शर्यतीच्या रस्त्यावर लोकांना बोलावलं. कुणाला? त्सुंडाप केएस ६०१ वाल्यांना. या गाडीचं लाडकं नाव होतं 'हिरवा हत्ती'. भर थंडीत वीसेक स्वार आले. त्या मेळाव्याचं नाव पडलं 'एलेफांटेनट्रेफेन', हत्तींचा मेळावा. पुढे तो न्युर्बुर्गरिंगला गेला, हजारोंनी लोक येऊ लागले आणि १९८९ पासून तो बव्हेरियाच्या जंगलात एका खळग्यात भरतो. लोक बर्फात तंबू ठोकतात, गवत पसरून झोपतात. शनिवारी रात्री मशाली घेऊन निघतात, त्या वर्षात गेलेल्या सोबत्यांच्या आठवणीसाठी.

एक साधा हिशेब करा. १९५६ मध्ये पस्तिशीत असलेला जर्मन माणूस १९४१ मध्ये विशीत होता. ज्या पिढीला कुणीतरी हुकूम देऊन बर्फात पाठवलं, तीच पिढी पंधरा वर्षांनी आपल्या मर्जीने बर्फात गाडी घेऊन निघाली होती. गाडी तशीच, थंडी तीच. फरक एवढाच, की या वेळी न जाण्याची मोकळीक होती.

बर्फावर चालवायची इतर उत्तरंही निघाली. स्वीडनच्या सैन्याने १९८० च्या सुमारास हुस्कवार्नाची ऑटोमॅटिक गिअरची गाडी घेतली, कारण स्वाराचे पाय गाडीला जोडलेल्या छोट्या स्कींवर असायचे आणि गिअर टाकायला पाय मोकळा नसायचा. रशियात बर्फावरच्या शर्यती रंगल्या. टायरमध्ये बोटाच्या पेराएवढे अणकुचीदार खिळे, ब्रेक नाही आणि वळणावर स्वार जवळजवळ बर्फाला टेकलेला. १९६६ मध्ये या शर्यतींची जागतिक स्पर्धा सुरू झाली. उफा शहराच्या गब्द्राखमान कादिरोव्हने ती सहा वेळा जिंकली. सुरुवातीचे ते पाच-सहा अंश आठवतात ना? खिळ्यांनी तो हिशेबच उलटा केला.

शेवटी परत इर्बितला येतो. त्या कारखान्याची 'उरल' ही गाडी युद्धानंतरही बनत राहिली, आणि पुढे तिच्या साइडकारच्या चाकालाही ताकद मिळू लागली. १९४१ मधली शत्रूची युक्ती तिची ओळख बनली. पण २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, निर्बंध आले आणि गाडीची जोडणी सीमेपलीकडे कझाकस्तानात पेट्रोपावलला हलवावी लागली. एकाच कारखान्याला युद्धाने दोनदा घर सोडायला लावलं. पहिल्यांदा शत्रू दाराशी आला म्हणून, दुसऱ्यांदा आपलंच सैन्य दुसऱ्याच्या दाराशी गेलं म्हणून.

अशा गाडीवर प्रेम करावं का, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, जरूर करा. फक्त तिला बर्फात कुणी पाठवलं आणि ती कुणाच्या मर्जीने निघाली, हे दरवेळी विचारा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.