राजवाड्यापासून शंभर मीटर

वनाज–रामवाडी मेट्रो नगर रस्त्याने सरळ न जाता येरवड्याहून कल्याणीनगरकडे का वळली, हा विषय आपल्या कट्ट्यावर अजून निघतो. "त्या राजवाड्यापायी आपलं स्टेशन गेलं" म्हणणारेही आहेत. म्हणून थोडा इतिहास.

आगाखान राजवाडा १८९२ चा, तिसऱ्या आगाखानांनी बांधलेला. दुष्काळात आसपासच्या लोकांच्या हाताला काम मिळावं, हा हेतू. ९ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत अटक करून गांधीजींना इथे आणलं. सहाच दिवसांनी, १५ ऑगस्टला, महादेवभाई देसाई इथेच गेले. २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा गेल्या. दोघांच्याही समाध्या आवारात आहेत. १९६९ साली चौथ्या आगाखानांनी ही वास्तू देशाला दिली आणि २००३ मध्ये ती राष्ट्रीय महत्त्वाचं स्मारक ठरली. तोवर आपण इथे राहायला येऊन तीन-चार वर्षं झाली होती, हे ध्यानात असू द्या.

आता कायदा. १६ जून १९९२ च्या अधिसूचनेनुसार अशा स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई. पुढचे २०० मीटर परवानगीने. पण पुढे एका तज्ज्ञ समितीमार्फत त्या १०० मीटरमध्येही परवाने मिळू लागले! दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये ते बेकायदा ठरवले आणि २०१० मध्ये संसदेने कायद्यातच मनाई पक्की केली. सरकारी प्रकल्पांनाही सूट नाही. आणि अंतर मोजायचं ते इमारतीच्या भिंतीपासून नव्हे, संरक्षित हद्दीपासून. बँकेत तारण मालमत्तेच्या चतुःसीमा तपासण्यात माझी हयात गेली. हा फरक किती मोठा, ते मला विचारा.

मेट्रो नेमकी याच पट्ट्यात अडकली. सार्वजनिक कामांना सूट देणारं विधेयक जानेवारी २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालं, पण राज्यसभेने ते प्रवर समितीकडे पाठवलं. शेवटी मार्गच वळवला. तिकडे कल्याणीनगरचे रहिवासी आणि पक्षीप्रेमी यांनी नदीकाठच्या पक्ष्यांसाठी हरकत घेतली, पण ६ मार्च २०२४ ला गाडी रामवाडीपर्यंत धावली.

माझ्या मते राजवाड्याची बाजू योग्यच होती. समाधीपाशी पाच मिनिटं शांत बसता येतं, ते फाटकासमोर खांब उभे राहिले असते तर राहिलं नसतं. पण कायदा सरसकट आहे, हेही खरं. शनिवारवाड्याभोवती जुन्या वाड्यांत राहणाऱ्यांना दुरुस्तीपलीकडे काही करता येत नाही. भिंती खचत चालल्यात आणि माणसं तिथेच आहेत. मेट्रोला वळसा घेता आला, त्यांनी कुठे वळायचं?

आपली सोसायटी १०० मीटरच्या बाहेर पण पुढच्या २०० मध्ये आहे. पुनर्विकासासाठी आलेल्या प्रस्तावात मजले भरपूर दाखवलेत; राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या परवानगीचा मात्र शब्द नाही. मला स्वतःला त्यात एक जादा खोली मिळणार आहे, तरीही मी सेक्रेटरींकडे लेखी हरकत दिली आहे. उंची किती चालेल ते आधी प्राधिकरणाकडून लिहून यावं, मगच विशेष सर्वसाधारण सभेत ठराव मांडावा. पत्राची प्रत सूचना फलकावर लावली आहे.