टायमिंग खरंच कानाने लावायचे का?

प्रबंधाच्या एका प्रकरणात मी झोकात लिहिलं होतं, ‘जुने मेकॅनिक कानाने टायमिंग लावत.’ शिरूर आणि दौंडच्या गॅरेजांमध्ये बसायला लागले आणि ते वाक्य खोडावं लागलं. का, ते सांगते.

आधी टायमिंग म्हणजे काय ते बघा. पेट्रोल-हवेचं मिश्रण जळायला थोडा वेळ लागतो, म्हणून पिस्टन पूर्ण वर पोचायच्या जरा आधीच प्लगमध्ये ठिणगी पडावी लागते. मिनिटाला ३००० फेरे घेणाऱ्या इंजिनात क्रँकचा एक अंश म्हणजे सेकंदाचा अठरा हजारावा भाग! ठिणगी फार लवकर पडली तर चढावर इंजिन ठोकतं. उशिरा पडली तर ओढ जाते, गाडी तापते.

वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये उभारलेल्या प्रीमियर कंपनीची कुर्ल्यात बनणारी फियाट, म्हणजेच नंतरची पद्मिनी, आठवते ना? तिच्यात ही वेळ डिस्ट्रिब्युटर ठरवायचा. बोल्ट सैल करून तो हाताने किंचित फिरवला की टायमिंग पुढे-मागे. मेकॅनिकच्या कानाची दंतकथा इथूनच निघाली असावी.

दौंडच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकनं मात्र मला थांबवलं. “मॅडम, डिस्ट्रिब्युटरला हात नंतर. आधी पॉइंट!” ठिणगी पडते ती पॉइंट उघडतात त्या क्षणी. कॅमवर घासणारा पॉइंटचा फायबरचा तुकडा झिजला की फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग आपोआप मागे जातं. अशा वेळी कुणी नुसता डिस्ट्रिब्युटर फिरवून गाडी चालती केली, तर पुढच्या वेळी नवे पॉइंट बसवताच ती ठोकायला लागणार. म्हणून आधी फिलर गेजनं फट मोजायची. मग पहिला पिस्टन कॉम्प्रेशनवर आणून पुलीची खूण जुळवायची. पॉइंटच्या वायरला लावलेल्या बल्बचं दुसरं टोक बॉडीला टेकवून, डिस्ट्रिब्युटर हळूहळू फिरवत, बल्ब नेमका कधी पेटतो ते बघायचं. कान लागतो तो शेवटी, गाडी रस्त्यावर काढल्यावर.

म्हणजे हे मोजमाप होतं. ‘कान’ म्हटलं की ती दैवी देणगी ठरते आणि शिकवता येण्याजोगी पद्धत इतिहासातून गायब होते. माझ्या वाक्यानं नेमकं तेच केलं होतं, कौतुकाच्या नावाखाली.

आता गंमत बघा. २००९ मध्ये बाजारात आलेली फियाट लिनिया याच शिरूर तालुक्यात, रांजणगावला बनायची. नाव तेच, पण तिच्या पेट्रोल इंजिनात पॉइंटही नाहीत आणि फिरवायला डिस्ट्रिब्युटरही नाही. क्रँकचा सेन्सर स्थिती कळवतो, कॉम्प्युटर ठिणगीची वेळ ठरवतो. बिघाड झाला की स्कॅनर कोड दाखवतो. शिरूरच्या एका तरुण मेकॅनिकला विचारलं, सेन्सरचा कोड आला की सेन्सर बदलता का? तो हसला. म्हणाला, “आधी वायर आणि कनेक्टर बघायचा, मॅडम.”