ट्रॉम्बोनवर चाललेले संसार

ब्राम्सची पहिली सिंफनी सुरू होते तेव्हा तिन्ही ट्रॉम्बोनवादक रंगमंचावर बसलेले असतात, पण हातावर हात ठेवून. पहिला भाग संपतो, दुसरा, मग तिसरा. जवळपास अर्धा तास जातो. चौथ्या भागाच्या सुरुवातीला एकदम त्यांची पाळी येते. प्रार्थनेसारखी संथ चाल, तीही अगदी हळू आवाजात, आणि पहिल्या वादकाचा पहिलाच सूर चांगला उंचावरचा. ओठ गार, पितळ गार, आधी सूर लावून बघायची सोय नाही. तो चिरकला तर शेवटच्या रांगेलाही कळतं. ब्राम्सची ही सिंफनी १८७६ची. त्याआधी १८०८ मध्ये बेथोवननं पाचव्या सिंफनीत ट्रॉम्बोनना असंच शेवटच्या भागापर्यंत ताटकळत ठेवलं होतं.

मोठ्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिनवाले तीसच्या आसपास असतात, ट्रॉम्बोनवाले तीन. एक खुर्ची रिकामी व्हायची तर बहुतेक वेळा आधीचा माणूस निवृत्त व्हावा लागतो. त्यामुळे या वाद्याच्या व्यवसायाचा इतिहास बराचसा जोडधंद्यांचा इतिहास आहे. नामवंतांनाही निव्वळ ट्रॉम्बोनवर घर चालवणं क्वचितच जमलं.

सतराव्या शतकातल्या जर्मनीत परिस्थिती एका अर्थी बरी होती. तिथे ट्रॉम्बोनवाला शहराचा नोकर असे. लाइपझिगचे नगरवादक ठरलेल्या वेळी नगरभवनाच्या सज्जावरून वाजवत. त्यांच्यातल्याच योहान पेत्सेलनं १६७० मध्ये छापलेल्या संग्रहाचं नाव सकाळी दहाच्या या वादनावरूनच पडलं. पगार बेताचा. आपल्याकडच्या वाजंत्र्यांप्रमाणे त्यांचीही खरी मिळकत लग्नाच्या आणि मर्तिकाच्या सुपाऱ्यांवर अवलंबून होती. एकाच माणसाला ट्रॉम्बोन, ट्रम्पेट, व्हायोलिन असं सगळं यावं लागे. १७३० मध्ये बाखनं लाइपझिगच्या नगरपरिषदेला लिहिलेल्या तक्रारवजा निवेदनात या पगारी वादकांची मोजदाद आहे: चार नगरवादक, तीन व्हायोलिनवाले आणि एक उमेदवार. चर्चमधलं संगीत एवढ्या माणसांत भागत नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

कार्ल ट्राउगोट क्वाइसर (१८००–१८४६) याच पठडीतून वर आला. लाइपझिगच्या गेवांटहाउस ऑर्केस्ट्रात त्याचा नेहमीचा हात व्हायोलावर चाले, चौकडीतही तो व्हायोलाच वाजवी. ट्रॉम्बोन घेऊन मात्र तो थेट एकल वादक म्हणून पुढे उभा राहायचा. डिसेंबर १८३७ मध्ये त्यानं मेंडेल्सोनच्या संचालनाखाली फर्डिनांड डेव्हिडचं काँचेर्टिनो पहिल्यांदा वाजवलं. ट्रॉम्बोनच्या नोकरीसाठी परीक्षा देणारे आजही ते घोटून घोटून बसवतात. म्हणजे ज्या रचनेवर पुढच्या पिढ्यांच्या नोकऱ्या ठरल्या, ती ज्याच्यासाठी लिहिली गेली त्याची स्वतःची रोजची भाकरी दुसऱ्याच वाद्याची होती.

अमेरिकेत बँडनं वेगळी वाट काढून दिली. मिझुरीचा ट्रॉम्बोनवादक आर्थर प्रायर बँडमास्टर सूसाच्या बँडचा तारा झाला आणि १९०३ मध्ये त्यानं स्वतःचा बँड काढला. सूसाला ध्वनिमुद्रण आवडत नसे, म्हणून त्याच्या बँडच्या बऱ्याचशा तबकड्यांचं संचालन प्रायरनंच केलं होतं.

जॅझमधला पहिला मोठा ट्रॉम्बोनवादक किड ओरी. न्यू ऑर्लिन्समध्ये जाहिरातीसाठी बँड गाडीवर बसवून गावभर फिरवत. ट्रॉम्बोनची नळी पुढच्याच्या पाठीत लागू नये म्हणून ट्रॉम्बोनवाल्याला गाडीच्या मागच्या फळीपाशी बसवत, आणि तिथून तो लांबलचक घसरते सूर सोडायचा. ती शैली ओरीनं नावारूपाला आणली. १९२५ मध्ये शिकागोत लुई आर्मस्ट्राँगच्या ‘हॉट फाइव्ह’ची पहिली ध्वनिमुद्रणं झाली त्यात ट्रॉम्बोन त्याचाच. पुढे महामंदी आली. जॅझच्या इतिहासात ज्याच्या नावावर पानं खर्ची पडतात, त्या माणसानं १९३०च्या दशकात वाद्य बाजूला ठेवून लॉस एंजेलिसमध्ये भावाबरोबर कोंबड्या पाळल्या. १९४४ मध्ये ऑर्सन वेल्सच्या रेडिओ कार्यक्रमानं त्याला पुन्हा लोकांसमोर आणलं.

जॅक टीगार्डननं उलट केलं. मंदीच्या भरात, १९३३ मध्ये, त्यानं पॉल व्हाइटमनच्या ऑर्केस्ट्राशी पाच वर्षांचा करार केला. पगार पक्का झाला, पण स्विंगची लाट आली तेव्हा तो त्या करारात अडकून पडला होता. सुटल्यावर स्वतःचा बँड काढला आणि तोट्यात बुडाला. त्याला सावरलं ते १९४७ मध्ये आर्मस्ट्राँगच्या ‘ऑल स्टार्स’नं. १९५८-५९ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्यानं त्याला आशियाच्या दौऱ्यावर पाठवलं, तेव्हा तो भारतातही वाजवून गेला.

जे. जे. जॉन्सनची गोष्ट जास्त बोचते. ट्रॉम्बोनला कळा नसतात. नळी पुढे-मागे सरकवून सात ठिकाणी सूर शोधायचे, तेही कानाच्या भरवशावर. बीबॉप या जॅझशैलीची गती या वाद्याला झेपणारच नाही असं मानलं जात होतं. जॉन्सननं ती इतक्या सफाईनं झेपवून दाखवली की तो कळांचा ट्रॉम्बोन वाजवतोय असा ऐकणाऱ्यांचा समज व्हायचा. आणि हाच माणूस १९५२ ते १९५४ ही वर्षं स्पेरी कंपनीच्या कारखान्यात आराखडे तपासत होता. त्यानंतर ट्रॉम्बोनवादक काई विंडिंगबरोबरच्या जोडीनं त्याला नाव आणि पैसा दिला. १९७० मध्ये तो हॉलिवूडला गेला आणि पुढची बरीच वर्षं सिनेमा-टीव्हीसाठी संगीत लिहीत राहिला.

मेल्बा लिस्टनचं नाव यांच्या बरोबरीनं घ्यायला हवं. तेवढं ते घेतलं जात नाही, ही खंत आहे. कोवळ्या वयातच ती जेराल्ड विल्सनच्या बँडमध्ये शिरली. पुरुषांच्या गराड्यात एकटी. १९४९ मध्ये बिली हॉलिडेबरोबरचा अमेरिकेच्या दक्षिणेतला दौरा इतका फसला की तिनं बँडचा नाद सोडला आणि लॉस एंजेलिसच्या शिक्षण मंडळात कारकुनी धरली. १९५६ मध्ये डिझी गिलेस्पीनं तिला सरकारी दौऱ्यासाठी परत बोलावलं. ती वाजवायची तर होतीच, पण संपूर्ण बँडसाठी स्वररचनाही लिहायची. पियानोवादक रँडी वेस्टनच्या संगीताचा मोठा हिस्सा तिच्या मांडणीवर उभा आहे. सत्तरच्या दशकात तिनं जमैकात शिकवलं. १९८५ मध्ये पक्षाघातानं वादन थांबलं, तरी संगणकाच्या मदतीनं ती वेस्टनसाठी लिहीत राहिली.

पक्की नोकरी म्हणजे ऑर्केस्ट्रातली खुर्ची. स्वीडनच्या क्रिस्टियान लिंडबर्गला ती एकोणिसाव्या वर्षी मिळाली, आणि वर्षभरात ती सोडून तो पूर्णवेळ एकल वादक झाला. टीगार्डनच्या तबकड्या ऐकून ट्रॉम्बोनकडे वळलेला हा मुलगा. नोकरी सोडून या वाद्यावर जगता येतं हे त्यानं दाखवून दिलं.

ॲबी कोनंटला मात्र तीच खुर्ची मिळवून टिकवायची होती. १९८० मध्ये ती तुरिनच्या ऑपेरात वाजवत होती. म्युनिक फिलहार्मोनिकनं परीक्षेला बोलावलं ते पत्र ‘श्रीयुत’ कोनंट यांच्या नावे होतं. तेहतीस उमेदवार, सगळे पडद्याआड, कारण त्यांच्यात ऑर्केस्ट्राच्या ओळखीच्या घरातला एक मुलगा होता. सोळाव्या क्रमांकावर कोनंट आली आणि डेव्हिडचं तेच काँचेर्टिनो तिनं वाजवलं. परीक्षकांनी उरलेल्यांना घरी पाठवलं. पडद्यामागून बाई बाहेर आली तेव्हा सगळे अवाक झाले.

पुढच्या फेऱ्याही तिनं जिंकल्या, उमेदवारीचं वर्षही पार पडलं. तरी १९८२ मध्ये मुख्य संचालक सर्जिउ चेलिबिदाकेनं तिला दुसऱ्या ट्रॉम्बोनवर उतरवलं. एकल ट्रॉम्बोनला पुरुष हवा, एवढंच कारण. कोनंट न्यायालयात गेली. तिथे तिचा श्वास कमी पडतो असा आरोप झाला, तो खोडायला तिनं फुप्फुसाच्या रुग्णालयात तपासण्या करून घेतल्या. कानाच्या पाळीचं रक्त काढलं, दम मोजला. आकडे इतके चांगले की तिथल्या परिचारिकेनं तू खेळाडू आहेस का, असं विचारलं. मग तज्ज्ञासमोर वादनाची परीक्षाही झाली आणि १९८८ मध्ये तिला तिची जागा परत मिळाली. पण पगार सहकारी एकल वादकांपेक्षा कमीच राहिला, म्हणून दुसरा खटला. तोही तिनं जिंकला, १९९३ मध्ये. तोवर म्युनिक सोडून ती ट्रोसिंगेनच्या संगीत महाविद्यालयात प्राध्यापक झाली होती आणि त्याच खुर्च्यांसाठी परीक्षा देणारी पुढची पिढी शिकवत होती.