रणांगणातील पत्रे आणि लष्करातील घरे



टोपी बाजारातून महाराज बाड्यावर आलो आणि टपाल कचेरीची इमारत समोर दिसली, की माझी पावले आजही क्षणभर मंदावतात. आपले हे शहर १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वसले. 'लष्कर' हे नावच त्याची साक्ष देते. शिपायाची वाट पाहणे येथील घरांना नवे नव्हते. १९१४ साली मात्र ती वाट आफ्रिकेपर्यंत लांबली.

महाराज माधवराव शिंद्यांनी संस्थानचे सैन्य महायुद्धासाठी दिले. तिसऱ्या ग्वाल्हेर पायदळाची अर्धी पलटण नोव्हेंबर १९१४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील टांगाच्या मोहिमेत होती; चौथे पायदळ इजिप्तमध्ये होते. मोहिमेवरील टपालासाठी हिंदुस्थानच्या तिकिटांवर 'आय. ई. एफ.' ही अक्षरे छापली गेली, तर आपल्या संस्थानच्या तिकिटांवर 'ग्वालियर' असे छापलेले असे. बादशहाची मुद्रा एकच. घर आणि रणांगण यांतील अंतर त्या छाप्यांत दिसे.

या पत्रांत युद्ध फारसे सापडत नाही, अशी तक्रार पुष्कळदा केली जाते. पूर्वी मीही ती करीत असे. परंतु पत्र दोघांचे असले, तरी त्याला हात अनेकांचे लागत. निरक्षर शिपाई मजकूर सांगे, दुसरा लिही; घरी कोणी तिसराच तो वाचून दाखवी. मध्ये सरकारी तपासनीस बसलेला असे. फ्रान्समधील हिंदी पलटणींच्या टपालाच्या तपासणीसाठी १९१४ च्या अखेरीस हॉवेल नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली कचेरी उघडली गेली. ही नजर चुकवण्यासाठी एका शिपायाने घरी कळवले की, काळी मिरी संपत आली असून आता तांबडी मिरची वापरात आहे. काळी मिरी म्हणजे हिंदी सैन्य आणि तांबडी मिरची म्हणजे गोरे सैन्य, हे तपासनिसांनी ओळखले होते. अशा अनेक कानांदेखत पत्नीशी काय बोलावे? मग बैल, पाऊस, मुलाचे आजारपण हेच विषय उरत. ते क्षुल्लक नव्हेत. मनुष्य जिवंत आहे आणि घराचा अद्यापि कर्ता आहे, हे सांगण्याची तीच भाषा होती.

त्या कचेरीने केलेले इंग्रजी उतारे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपले गेले. म्हणजे आपल्या माणसांचे शब्द आपल्याला परक्या भाषेतून, आणि तेही त्यांच्यावर पाळत ठेवणाऱ्यांच्या कृपेने मिळतात! मूळ पत्रे राहिली असतील तर ती घरांतच. आपल्याकडील जुनी मराठी पत्रे बहुधा मोडीत असत आणि मोडी वाचणारे आता विरळ झाले आहेत. न वाचता येणारा कागद रद्दीत जायला वेळ लागत नाही.

म्हणून या व्याख्यानाच्या निमित्ताने माझी एकच विनंती आहे. माळ्यावरची ट्रंक रिकामी करण्यापूर्वी तीतील कागद एकदा मोडी जाणणाऱ्यास दाखवा. ज्या पत्राची कोणीतरी महिनोन्‌महिने वाट पाहिली, ते न वाचताच टाकून देण्याचा अधिकार आपल्याला नाही.